पिवळ्यावर पिवळं

फराळाचं ताट समोर असताना भरगच्च दिसतं आणि फोटोत हमखास सपाट येतं. दोष कॅमेऱ्याचा नाही, रंगांचा आहे. शेव पिवळी, बेसनाचा लाडू सोनेरी, चिवडा हळदीचा, शंकरपाळे बदामी, करंजी त्याहून फिकट, चकली तपकिरी आणि अनारसा लालसर तपकिरी. रंगचक्रावर शोधायला गेलं तर ही सगळी मंडळी पिवळा आणि नारिंगी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेली सापडतात. त्यात आपण ताट घेतो पितळेचं, खाली अंथरतो सोनेरी जरीचा पदर, बाजूला ठेवतो झेंडू आणि वर लावतो पणत्या. सण म्हणून यातलं काहीच चुकीचं नाही. फोटोत मात्र पिवळ्यावर पिवळं आणि त्यावर पिवळा उजेड, एवढंच उरतं. लाडू कुठे संपला आणि ताट कुठे सुरू झालं, कळत नाही.

खाद्यपदार्थांच्या फोटोंबद्दल परदेशी पुस्तकांतून आलेले सल्ले इथे फारसे कामाला येत नाहीत. पांढरा संगमरवर, फिकट गुलाबी बशी, चुना उडालेल्या लाकडाच्या फळ्या हे सारं सॅलडं, बेरी आणि क्रीम यांच्यासाठी जुळवलेलं असतं. त्यावर मसालेभात ठेवला तर तो वाट चुकून आल्यासारखा दिसतो. खाली काय अंथरायचं हे पदार्थाच्या रंगावरून ठरवायचं, अंथरायची वस्तू किती सुंदर आहे यावरून नाही. हे एकदा मान्य केलं की बराचसा गोंधळ संपतो आणि दुकानात जायची गरजही.

शेजारचा रंग काय करू शकतो, याचा शोध एका तक्रारीतून लागला. मिशेल यूजीन शेव्ह्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. तेलातुपातल्या मेदाम्लांवर त्यांनी आयुष्यभराची कीर्ती मिळवलेली, म्हणजे तळणाऱ्यांशी त्यांचं तसं जुनंच नातं. १८२४ मध्ये ते पॅरिसच्या गोब्लाँ या सरकारी गालिचा-कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख झाले. तिथे तक्रार आली की, काळं सूत निळ्या-जांभळ्या छटांमध्ये विणलं की कमजोर दिसतं. शेव्ह्रल यांनी सूत तपासलं. रंग पक्का होता. खोट होती ती शेजाऱ्यांत. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो आणि प्रत्येक रंग दुसऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो. यावर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. पुढे चित्रकारांनी तो उचलून धरला.

शेव्ह्रल यांचं म्हणणं बेसनाच्या लाडवावर करून पाहता येतं. पिवळ्याधमक खणावर लाडू ठेवा, तो फिका आणि मळकट दिसेल. तोच लाडू निळसर राखाडी कापडावर ठेवा, तूप सुटल्यासारखा सोनेरी दिसेल. लाडू तोच, उजेडही तोच. हळदीचा पिवळा थोडा नारिंगीकडे झुकलेला असतो, त्यामुळे त्याचा विरोधक निळ्या आणि जांभळ्याच्या मध्ये कुठेतरी सापडतो. आपल्या भाषेत सांगायचं तर नीळ, वांगी, जांभूळ. म्हणून दिवाळीत पैठणीपेक्षा कपाटातली चंद्रकळा किंवा गडद निळी इरकल बाहेर काढावी. काठ चौकटीत थोडासा दिसू द्यावा, जरीचा पदर मात्र घडीतच ठेवावा.

पण रंगाच्या विरोधाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, उपयोगी पडतो तो उजळ-गडदपणाचा फरक. त्याची परीक्षा सोपी आहे: मोबाइलवर काढलेला फोटो कृष्णधवल करून पाहायचा. पदार्थ आणि खालचं कापड यांचा करडा रंग एकच झाला, तर मूळ रंग कितीही विरुद्ध असोत, फोटो लांबून चिखलच दिसणार. लाल माठाची भाजी हिरव्या पानावर रंगीत फोटोत छान वाटते. कृष्णधवल केली की भाजी आणि पान दोन्ही एका करड्यात बुडतात. मला या परीक्षेवर रंगचक्रापेक्षा जास्त भरवसा आहे.

आता याच्या अगदी उलटही करता येतं. सतराव्या शतकात हार्लेम या डच गावात पीटर क्लास आणि विलेम हेडा हे चित्रकार न्याहारीच्या टेबलांची चित्रं काढत. पाव, ऑयस्टर, अर्धवट सोललेलं लिंबू, काचेचा पेला, कथलाच्या ताटल्या. सगळं चित्र करड्या, तपकिरी आणि फिकट हिरव्या छटांत. हेडाचं १६३५ सालचं सोनेरी पेल्याचं चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे; त्यात भडक म्हणावा असा रंग जवळजवळ नाही, तरी नजर हटत नाही. कारण रंगाचं काम तिथे पोताने केलं आहे. लिंबाची खरखरीत साल, धातूची मऊ चमक, पावाचा कोरडा पापुद्रा, चुरगळलेलं पांढरं कापड.

फराळाला हा रस्ताही खुला आहे, कारण पोताच्या बाबतीत फराळ श्रीमंत आहे. चकलीचे काटे, अनारशावरची जाळी आणि खसखस, चिरोट्याचे पदर, करंजीची मुरड. सगळं एकाच रंगघराण्यात ठेवायचं असेल तर खाली तागाचं न रंगवलेलं कापड, सूप किंवा जुना सागवानी पाट घ्यावा आणि उजेड बाजूने, थोडा मागून घ्यावा. समोरून आलेला उजेड काटे आणि जाळी पुसून टाकतो. बाजूने आलेला उजेड प्रत्येक काट्याची सावली पाडतो. या प्रकारात चकाकणारी वस्तू एकच असावी.

हेडाच्या चित्रांतल्या त्या ताटल्यांचा धातू मुख्यतः कथील. पितळी भांड्याला आपण आतून जी कल्हई करतो, तीही कथलाचीच. बाहेरून पिवळं आणि आतून मऊ, किंचित ढगाळ करडं असं कल्हईचं पातेलं ही आमटी-वरणाच्या फोटोसाठी माझ्या मते सर्वांत चांगली जागा आहे. वरणाचा पिवळा त्या करड्यावर उठून दिसतो आणि कडेच्या पितळेचा त्याला धागा मिळतो. स्टीलच्या वाटीत हे होत नाही. स्टील आरसा होऊन खिडकी, छत आणि फोटो काढणारी व्यक्ती सगळ्यांना वाटीवर घेऊन येतं. काचेवरची किंवा पाण्यावरची चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर धातूच्या चमकेपुढे हात टेकतो, म्हणून फिल्टर विकत घेण्याऐवजी भांडं बदललेलं बरं. चिंचेने लखलखीत घासलेलं पितळही फोटोच्या दिवशी नको. थोडं मावळलेलं असेल तर उत्तम.

पांढऱ्या पदार्थांचं गणित वेगळं. उकडीचे मोदक, रव्याचा लाडू, दहीभात, साखरभुरभुरले चिरोटे. कॅमेरा समोरच्या दृश्याला सरासरी मध्यम करड्याकडे ओढतो, त्यामुळे पांढऱ्या कापडावरचा पांढरा मोदक राखेच्या रंगाचा येतो. तेव्हा उजेडाची पट्टी मुद्दाम एक पायरी वर सरकवावी लागते. काळ्या पार्श्वभूमीवर नेमकं उलट: कॅमेरा उजेड वाढवतो आणि मोदकावरच्या कळ्या जळून सपाट पांढऱ्या होतात, तिथे पट्टी खाली आणायची. काळ्या कडप्प्यावर पांढरा मोदक हा माझा आवडता संयोग आहे. फक्त घोटलेला ओटा नको, त्यात खिडकी दिसते. कडप्प्याच्या तुकड्याची न घोटलेली बाजू वर करायची. केळीचं पान सगळे घेतात आणि ते शोभतंही. पण ताजं पान पांढऱ्या भाताच्या पोटावर हिरवी झाक मारतं आणि भात शिळा वाटतो. भात आणि पान यांच्यामध्ये थोडं अंतर, किंवा उजेडाच्या विरुद्ध बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा केला, की झाक बरीच कमी होते.

वाटीच्या रंगाने चवही बदलते, असं म्हटलं तर घरात हसतील. पण स्पेनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये स्ट्रॉबेरीचं एकच मूस पांढऱ्या आणि काळ्या ताटलीत खायला दिलं, तेव्हा पांढऱ्या ताटलीतलं लोकांना जास्त गोड आणि जास्त चवदार लागलं. श्रीखंडाच्या बाबतीत कोणी तपासलंय का ठाऊक नाही. दिसायला मात्र केशरी श्रीखंड चिनी मातीच्या पांढऱ्या वाटीत जितकं शोभतं तितकं स्टीलच्या वाटीत शोभत नाही, हे कोणीही मान्य करेल.

खरी कसोटी तपकिरी पदार्थांची. काळ्या मसाल्याची आमटी, भरली वांगी, खानदेशी शेवभाजी, पिठलं-भाकरी. चवीला राजे, फोटोत गरीब. इथे गडद पार्श्वभूमी घेतली की भाजी गिळली जाते. त्याऐवजी फिकट काही घ्यावं: शहाबादी फरशीचा तुकडा, धुतलेलं मांजरपाट, ज्वारीचं पीठ भुरभुरलेली परात. आणि ताजा रंग वरून एकच आणावा. कोथिंबीर किंवा ठेचा किंवा फोडलेल्या कांद्याचा जांभळा, तिन्ही नकोत. पिठलं-भाकरीखाली घोंगडी घेतली तर जाडाभरडा पोत मिळतो, पण काळी घोंगडी असेल तर भाकरीच चौकटीत मोठी हवी. तांबड्या रश्श्याला मी कधीही लाल जांभ्यावर ठेवणार नाही. कोकणातलं घर आणि जांभा हे नातं खरं असलं तरी तिथे रस्सा हरवतो. त्याच जांभ्यावर सोलकढीही मार खाते. तिचा गुलाबी रंग इतका नाजूक की त्याला फिकट, हिरवट करडा शेजारी लागतो.

पार्श्वभूमी विकत घ्यायचीच असेल तर जुन्या बाजारात दाराच्या फळ्या, पाट, चौरंग मिळतात. घरी करायची तर दोन फूट बाय तीन फुटांची प्लायवुडची फळी पुरते. त्यावर भिंतीची पुट्टी पत्र्याने वेडीवाकडी ओढायची, वाळली की एकाच रंगाच्या दोन-तीन छटा ओल्या स्पंजने टिपायच्या आणि शेवटी बिनचमकीचं वॉर्निश. एकसंध रंग दिला तर ती फळी प्लास्टिकसारखी दिसते, फार ठिपके टाकले तर पदार्थापेक्षा फळीच बोलायला लागते. दोन फळ्या असाव्यात: एक धुरकट निळी, एक मातकट फिकट. या दोघींवर वर्षभराचा स्वयंपाक भागतो. संगमरवराच्या छापाचे चकचकीत विनाइलचे तक्ते मला आवडत नाहीत. खिडकीचा उजेड तिरका पडला की त्यांचं बिंग फुटतं.

उजेडाचा रंग जमला नाही तर हा सगळा विचार वाया जातो. पणतीची ज्योत साधारण १९०० केल्विनची, पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दुपारचा उजेड ५५००, ढगाळ आभाळ ६५०० किंवा वर. आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा-तांबडा. खिडकीतून दिवसाचा उजेड, वर ट्यूब आणि शेजारी पणती असा तिहेरी उजेड एकत्र आला, की पांढरं कापड एकीकडे निळसर, दुसरीकडे पिवळं येतं आणि कुठलंच ॲप ते धड दुरुस्त करू शकत नाही. म्हणून घरातले दिवे बंद करून खिडकीशेजारी, पांढऱ्या धोतराचा पडदा लावून फोटो काढावा. पणती हवीच असेल तर ती ताटामागे लांब, धूसर राहू द्यावी. तिने ताट उजळावं अशी अपेक्षा ठेवू नये.

पूर्ण जेवणाच्या ताटाला मात्र यातलं फारसं करावं लागत नाही. मीठ आणि लिंबू वर मध्यावर, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये पांढरा भात आणि त्यावर पिवळं वरण: वाढण्याची पद्धत रंग आपोआप वाटून देते. हिरवी चटणी भाजीपासून लांब पडते, पांढरी कोशिंबीर भाताला चिकटत नाही. खाली साधा पाट किंवा सारवलेली जमीन असली तरी पुरे. एकच खबरदारी घ्यायची. मांडणी बरी दिसावी म्हणून संगणकावर फोटो डावा-उजवा उलटवला, की चटणी उजवीकडे जाते. एखाद्या आजीबाईंच्या नजरेतून ते सुटत नाही, आणि मग रंगसंगतीबद्दल कोणी बोलत नाही.

फोटो मोबाइलवर राहणार की छापला जाणार, हेही आधी ठरवलेलं बरं. छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांत होते. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी किंवा पोपटी त्यांतून तसाच उतरत नाही. शिवाय कागद शाई शोषतो, ठिपके पसरतात आणि गडद भाग आणखी गडद होतात. कडप्प्यावरची चकली मोबाइलवर काटेदार दिसते, अंकाच्या साध्या कागदावर तिची सावलीकडची बाजू दगडात मिसळून जाते. छपाईसाठी काढताना मी कडप्पा बाजूला ठेवते आणि धुरकट निळी फळी घेते, सावलीकडे पांढरा पुठ्ठा जास्त जवळ आणते, आणि चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा सोडते, कारण तिथे संपादक शीर्षक टाकणार असतात.