लाच देणाऱ्याचे मौन

महाड व पोलादपूर येथील व्यापारी बंधूंस आमचे एक सांगणे आहे. 1888 च्या क्रॉफर्ड प्रकरणात हस्तक हणमंतराव तुरुंगात गेला. कमिशनरसाहेब लाचेच्या आरोपांतून सुटून केवळ नोकरीस मुकले. सरकारी अभयवचनावर विसंबून आपण लाच दिल्याचे सांगणाऱ्या कित्येक मामलेदारांस मात्र पुढे अधिकारपद गमवावे लागले. मौनाची ती सबब आज उरलेली नाही. 2018 च्या दुरुस्तीने लाच देणाराही अपराधी ठरतो. परंतु सक्तीने दिलेली लाच सात दिवसांत कळविणारा त्या दोषातून मुक्त आहे. घेणाऱ्यास तीन ते सात वर्षे कैद. म्हणून मागणी होताच, पैसे देण्यापूर्वीच, लाचलुचपत प्रतिबंधक खात्यास 1064 वर कळवावे. फिर्यादीच पुढे न आला, तर सापळा कोणासाठी लावावयाचा?