हाडांतली खोटी घंटा

दोस्ता, जरा कोपर चाचपून बघ. टणक लागलं ना? पण ते हाड जिवंत आहे बरं का! तू हे वाचतोयस ना, आत्तासुद्धा तिथे काम चालू आहे!

हाडात इवल्या इवल्या जिवंत पेशी असतात. एक टोळी जुनं हाड पोखरून काढते. दुसरी तिथे नवं हाड भरते. आणि गंमत ऐक! मोठ्या माणसांचं जवळजवळ १० टक्के हाड दर वर्षी नव्याने घडतं. म्हणजे दहा वर्षांत आजोबांचा सांगाडा बराचसा नवाकोरा!

पण पोखरणाऱ्यांना ‘पुरे आता’ कोण सांगतं? संप्रेरकं! शरीराचे हे निरोप रक्तातून फिरतात. शाळेत शिपाईकाका टोल देतात आणि मैदानावरची मुलं वर्गात पळतात ना? तस्संच. इस्ट्रोजेन नावाच्या संप्रेरकाची घंटा ऐकली की पोखरणारी टोळी हात आवरते.

आता समज, एखाद्या खोडकर पोराने मधेच घंटा बडवली तर? केवढा गोंधळ! काही रसायनं हेच करतात. काही खोटी घंटा वाजवतात, तर काही खरी घंटा धरून ठेवतात. मग बांधणं आणि पोखरणं यांचा मेळच बिघडतो.

आपल्या खान्देशात कपाशी किती! पूर्वी कपाशीवर एंडोसल्फान नावाचं कीटकनाशक फवारत. तेही संप्रेरकांच्या कामात लुडबुड करणारं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याचं उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. फार चांगलं झालं!

अशी रसायनं कुठवर पोचतात, ओळख बघू! थेट ग्रीनलँडच्या पांढऱ्या अस्वलांपर्यंत! तिथे ना कपाशी, ना फवारणी. वारा आणि समुद्र ती वाहून नेतात. मग अस्वलं मासे खाणारे सील खातात आणि रसायनं त्यांच्या चरबीत साठतात. शास्त्रज्ञांनी जुन्या आणि अलीकडच्या अस्वलांच्या कवट्या तपासल्या. अलीकडच्या अनेक कवट्यांत हाड घट्ट करणारी खनिजं कमी निघाली! शास्त्रज्ञांचा संशय याच रसायनांवर आहे.

असाच एक खोडकर म्हणजे डायॉक्सिन. प्रयोगांत त्याने उंदरांची हाडं कमजोर केली. आणि तो तयार कधी होतो? प्लास्टिक जाळताना! विशेषतः पीव्हीसीचे पाइप आणि वायरींची वेष्टनं पेटली की.

आपल्या खान्देशातल्या वरणगावात थंडी पडली की शेकोट्या पेटतील. तुम्ही मित्र मिळून काटक्या गोळा करा, पाचोळा घाला. पण प्लास्टिकचा एक तुकडाही आत टाकू नका, आणि कुणी टाकत असेल तर लगेच थांबवा!