‘४८ तासांत पेपर छापून देतो’ म्हणणाऱ्या जर्नलमध्ये नेमकं काय गायब असतं?

‘रिसर्च पेपर पाठवा, ४८ तासांत पब्लिश, सर्टिफिकेट फ्री.’ पीएचडी करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असे मेसेज सारखे येतात. ऑफर भारी वाटते. पण यात पिअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांकडून होणारी तपासणी, गायब असते.

ती होते कशी?

समजा, अहिल्यानगरजवळच्या नागापूर एमआयडीसी परिसरातल्या विहिरींच्या पाण्यावर एका प्राध्यापकाने पेपर लिहिला. जर्नलचा संपादक आधी विषय जर्नलमध्ये बसतो का, मजकूर कुठून उचललेला नाही ना, हे बघतो. इथंच बरेच पेपर परत जातात. (दोन दिवसांत येऊ शकतो तो हा नकार.) पुढे गेलेला पेपर भूजलावर काम करणाऱ्या दोन-तीन समीक्षकांकडे जातो. नमुने किती विहिरींचे? पावसाळ्याआधीचे की नंतरचे? आकडे कारखान्यांकडे बोट दाखवतात, की शेतातल्या खतांकडेही? असे प्रश्न ते लेखी विचारतात. बहुतेकदा एक रुपयाही न घेता.

अनेक जर्नल्समध्ये लेखकाला समीक्षक कोण ते कळत नाही. ‘डबल ब्लाइंड’ पद्धतीत समीक्षकालाही लेखकाचं नाव कळत नाही. पहिल्याच फटक्यात होकार मिळणं दुर्मीळच. लेखक एकेका मुद्द्याला उत्तर देतो, पेपर सुधारतो आणि शेवटचा निर्णय संपादक घेतो. यात महिने जातात.

एवढं करूनही चुका सुटतात, कारण समीक्षक सहसा प्रयोग स्वतः करून बघत नाही. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा पेपर १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नावाजलेल्या जर्नलने छापला आणि तो मागे घ्यायला २०१० उजाडलं.

पण जिथं तपासणीच होत नाही, तिथं काय? प्राध्यापकांच्या बढतीत पेपरची संख्या मोजली जाऊ लागली आणि बोगस जर्नल्सचा बाजार फुलला. नगर जिल्ह्यातली अनेक कॉलेजेस ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत, तिथल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याची चिरफाड केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत आलेली १००९ जर्नल्स त्यांनी तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. कुणाचा पत्ता नाही, कुणाकडे संपादकांची नावं नाहीत, कुणाचा आयएसएसएन नंबर चुकीचा. ही यूजीसीची ‘मान्यताप्राप्त’ यादी होती बरं!

मे २०१८ मध्ये यूजीसीने ४३०५ जर्नल्स यादीतून काढली. मग ‘यूजीसी-केअर’ यादी आली, तिचं कामही पुणे विद्यापीठातूनच चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आहे.

म्हणजे नागापूरच्या त्या प्राध्यापकाला आता स्वतःच बघावं लागेल. संपादक मंडळातली नावं त्यांच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर सापडतात का? जुन्या अंकातले पेपर वाचण्यासारखे आहेत का? नुसती फी घेतली म्हणून जर्नल बोगस ठरत नाही, चांगली ओपन अॅक्सेस जर्नल्सही पेपर स्वीकारल्यावर फी घेतात. पण पेपर स्वीकारल्याचा मेल आला आणि सोबत समीक्षकांचा एकही प्रश्न नसेल, तर पैसे भरण्याआधी ‘रिव्ह्यू रिपोर्ट पाठवा’ एवढं विचारून बघावं.