टायर आतून कोण खातो?

नव्या पनवेलहून सुकापूरमार्गे नेऱ्याला जाणाऱ्या माथेरान रोडवर सुट्टीच्या दिवशी गाडेश्वरकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागते. त्यांत स्प्रिंग बदलून किंवा कापून खाली बसवलेली एखादी हॅचबॅक हमखास दिसते. बाहेरून तिचे टायर ठणठणीत. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकाची आतली कड पाहिली, तर तिथली नक्षी पार गेलेली, कुठे कुठे तारासुद्धा उघड्या पडलेल्या. ‘टायर आतून खाल्लाय,’ असं गॅरेजवाले सांगतात आणि सगळा दोष कॅम्बरवर जातो.

कॅम्बर म्हणजे गाडीकडे समोरून पाहिल्यावर दिसणारा चाकाचा झुकाव. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी खाली आली की लोअर आर्म आडवा होत जातो, त्याचं बाहेरचं टोक चाकाचं बूड बाहेर ढकलतं आणि चाकाचा माथा आत कलतो. हा झाला निगेटिव्ह कॅम्बर. भार आतल्या कडेवर सरकतो, तिथे झीजही वाढते. पण एक-दीड अंशाचा झुकाव एकट्याने टायर इतक्या लवकर संपवत नाही. खरं नुकसान करतो तो टो, आणि तो नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं किंचित आत किंवा बाहेर वळलेली असतात, तो टो. स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड आणि लोअर आर्म यांची लांबी वेगळी, सांध्यांच्या जागाही वेगळ्या. त्यामुळे गाडी खाली येताना दोघांची टोकं वेगवेगळ्या कमानींवर फिरतात आणि स्टिअरिंगला हात न लावता चाक वळतं. कुठल्या बाजूला, ते त्या गाडीच्या रचनेवर ठरतं.

आता हिशेब करा. चाक फक्त पाव अंश वाकडं असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे ४.४ मीटर आडवं ओढलं जातं. १० किलोमीटरच्या फेरीत ४४ मीटर! रबर रस्त्याला टेकतं, ताणलं जातं आणि सुटताना घसरतं. त्या घसरण्यातच ते झिजतं. टो-आउट (पुढची टोकं बाहेर) आणि निगेटिव्ह कॅम्बर एकत्र आले, की भार ज्या कडेवर, घसरणंही तिथेच. नक्षीवरून तळहात आडवा फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने दातेरी लागलं, तर टो बिघडलाय हे नक्की.

पावसाळ्यात ही आतल्या कडेची झीज जिवावर बेतू शकते. नासाच्या लँगली केंद्रातल्या संशोधकांनी १९६३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार ३२ पीएसआय हवेचा गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला तरंगू लागतो. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागलेली गाडी हा वेग सहज गाठते. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, असं नियम सांगतो. ती बाहेरच्या कडेला मोजून समाधान मानण्यात अर्थ नाही.

खाली बसवलेल्या गाडीची अलाइनमेंट करताना क्रम महत्त्वाचा. आधी हवा सारखी करा, टाय रॉडचे एंड आणि बुश तपासा. मग कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो, कारण कॅम्बर हलला की टो पुन्हा हलतो. अनेक गाड्यांत कंपनीने कॅम्बर लावायची सोयच दिलेली नसते. तिथे स्ट्रटला कॅम्बर बोल्ट बसवून एखादा अंश मिळवता येतो. मागे ट्विस्ट बीम असेल, तर गाडी खाली आल्याने तिथले कोन फारसे बदलत नाहीत. नव्या स्प्रिंगा थोड्या आणखी बसतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा मशीनवर न्यावी आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेला छापील कागद मागून घ्यावा. त्यावर टोच्या दोन रकान्यांत, डाव्या आणि उजव्या चाकासमोर, कंपनीने दिलेल्या मर्यादेतले आकडे दिसायला हवेत.