स्वमग्न मुलाची कुत्र्याशी गट्टी का जमते?

पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारं स्वमग्न मूल कुत्र्याच्या अंगावर मात्र बिनधास्त रेलतं. असं का?

माणूस बोलतो तेव्हा शब्द, सूर, चेहरा, हातवारे सगळं एकाच वेळी येतं. त्यात ओठांवर एक, मनात दुसरंच. अनेक स्वमग्न मुलांना हे उलगडताना चार रेडिओ एकदम लागल्यासारखं होतं. कुत्रा मात्र टोमणा मारत नाही, उत्तराची घाई करत नाही. हवं-नको सरळ अंगानं दाखवतो.

परिणाम शरीरातही दिसतो. झोपेतून उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक वाढतं. मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी ४२ स्वमग्न मुलांच्या लाळेत ते मोजलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ही वाढ ५८ टक्के होती. प्रशिक्षित कुत्रा घरी आल्यावर ती १० टक्क्यांवर उतरली. त्याला काही दिवस दूर नेताच पुन्हा ४८ टक्के झाली.

अर्थात कुत्रा म्हणजे औषध नव्हे. काही मुलांना भुंकणं, चाटणं मुळीच सोसत नाही. म्हणून पिल्लू आणण्याआधी ओळखीच्या घरातल्या शांत कुत्र्याशी मुलाची भेट घडवावी.