जास्तीचे पेट्रोल गेले कोठे?

“हल्ली गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही” ही तक्रार तुम्ही मोठ्या माणसांच्या तोंडून अनेकदा ऐकली असेल. एका लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, त्या आकड्याला सर्वजण अ‍ॅव्हरेज म्हणतात. हा आकडा हळूहळू घसरला तर गाडी जुनी झाली म्हणून सोडून देता येते. पण तो एकाएकी घसरला तर?

माझे एक स्नेही डहाणूला राहतात आणि तलासरीच्या एका शाळेत शिकवतात. समुद्राजवळच्या चिकूच्या वाडीतून निघायचे, चारोटी नाक्यावर यायचे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उत्तरेकडे तलासरी गाठायची, हा त्यांचा रोजचा रस्ता. त्यांची छोटी मोटार लिटरला १८ किलोमीटर जात असे. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि आकडा एकदम १५ वर आला. शिक्षकाच्या पगारात ही गोष्ट जाणवतेच. कोणी म्हणाले पेट्रोलमध्ये भेसळ आहे, कोणी म्हणाले इंजिन गेले, आता हजारोंचा खर्च!

आमच्या सरांनी मात्र आधी वेगळाच प्रश्न विचारला. हा आकडा खरा आहे का? टाकी ‘फुल’ केली असे आपण म्हणतो, पण पंपाची नळी आपोआप बंद होते तेव्हा टाकीत दर वेळी नेमके तितकेच पेट्रोल असते असे नाही. एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो. तुम्ही पाच लिटरांवर हिशेब केलात, तर एक लिटर म्हणजे वीस टक्के चूक! तीस लिटरांवर केलात, तर तीच चूक तीन-साडेतीन टक्क्यांवर येते. म्हणून सरांनी एकाच पंपावर टाकी भरून घेतली, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवला आणि टाकी बरीचशी रिकामी झाल्यावर पुन्हा भरली. ४५० किलोमीटरला ३० लिटर. दुसऱ्या वेळीही जवळजवळ तेच. घट खरी होती.

आता ती केवढी आहे ते पाहू. पूर्वी १०० किलोमीटरला सुमारे ५.६ लिटर लागत, आता ६.७ लागतात. म्हणजे १.१ लिटर जास्त, पूर्वीच्या एक पंचमांश. एवढे पेट्रोल पिऊ शकेल असा चोर आपल्याला शोधायचा आहे.

पहिला संशय इथेनॉलवर. एक लिटर इथेनॉलमधून पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा मिळते. तेव्हा २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरते. पण हे मिश्रण सुट्टीच्या आधीही तेच होते, आणि नसते तरी सात टक्क्यांनी वीस टक्क्यांचा हिशेब पुरा होत नाही. टायरमधली हवा पाच-सहा पौंड कमी निघाली, ती भरली. त्याने टक्का-दोन टक्केच फरक पडतो. एअर फिल्टर धुळीने भरला होता खरा, पण जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत ज्याला पहिला दोष दिला जाई तो हा फिल्टर आजच्या गाड्यांत बहुधा निर्दोष असतो. हवा कमी आली की गाडीतला संगणक पेट्रोलही कमी सोडतो. जोर कमी पडतो, इतकेच. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून पाहिला. इंजिन नीट तापत होते, एकही सेन्सर बिघडलेला नव्हता.

इंजिन ठीक आहे, मग ते जास्त काम कशासाठी करते आहे? येथे थोडे गणित करू. पंपावरच्या एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी ज्यूल ऊर्जा असते. १.१ लिटरची झाली ३.३ कोटी. तिच्यातली दोन तृतीयांश उष्णता रेडिएटर आणि धुराबरोबर गेली असे धरले, तरी १.१ कोटी ज्यूल चाकांपर्यंत पोचले. ताशी ५० किलोमीटर वेगाने १०० किलोमीटरला दोन तास, म्हणजे ७,२०० सेकंद लागतात. भागाकार करा: सुमारे १,५०० वॅट! बादलीत पाणी तापवायचा विजेचा रॉड साधारण एवढाच असतो. असा एक रॉड गाडीत कोठेतरी सतत पेटलेला होता. मग ती जागा गरम लागायलाच हवी.

सरांनी गाडी दहा किलोमीटर चालवली, शेवटी जोरात ब्रेक न लावता थांबवली आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात धरला. (हात लावायचा नाही, नुसता जवळ धरायचा!) पुढची चाके मागच्यांपेक्षा थोडी उष्ण असतातच, म्हणून डाव्याची तुलना उजव्याशी करायची. मागच्या डाव्या चाकाची धग लांबूनच लागत होती.

मग आठवले. सुट्टीत सर महिनाभर गावी होते. गाडी वाडीत, हँडब्रेक ओढून उभी. जूनमध्ये पाऊस लागला. समुद्रावरची खारी हवा आणि ओल, गंज चढायला आणखी काय हवे? परतल्यावर गाडी पहिल्यांदा हलली तेव्हा ‘कट्’ असा आवाजही झाला होता, पण त्याकडे लक्ष कोण देतो! गॅरेजमध्ये चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले तर ते खरखरत थांबले. हँडब्रेकची तार आपल्या वेष्टनात गंजून अडकली होती. दांडा खाली केला तरी ती पुरती मागे येत नव्हती आणि ब्रेकचे पट्टे ड्रमला घासत राहत होते.

हा प्रश्न केवळ पैशांचा नव्हता. ब्रेक फार तापला तर त्यातले तेल उकळू शकते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. अशा वेळी पेडल नुसतेच खाली जाते आणि गाडी थांबत नाही. महामार्गावर ट्रकांच्या रांगेत असे झाले असते तर?

तार बदलली, पट्टे साफ केले. नंतर सपाट मैदानात, गिअर काढून, सरांच्या देखरेखीखाली चार मुलांनी गाडी ढकलून पाहिली. हजार किलोची मोटार हलती ठेवायला खरे म्हणजे १२ किलो वजन उचलण्याइतकाच जोर पुरतो. तो घासणारा ब्रेक जवळजवळ तेवढाच आणखी मागत होता. पुढच्या टाकीला अ‍ॅव्हरेज पुन्हा १८ च्या जवळ आले.

आता सुट्टीत गावी जाताना सर हँडब्रेक ओढत नाहीत. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये उभी करतात आणि चाकांच्या पुढेमागे विटा लावतात.