दप्तराची रुजुवात

मालगुजारीची पद्धत ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली. तथापि भंडारा जिल्ह्यातील एखाद्या तलावाच्या पाण्यावरून अथवा गावच्या चराईवरून आजही तंटा उभा राहिला, म्हणजे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या गावच्या वहिवाटीच्या व हक्कांच्या नोंदींचा शोध घ्यावाच लागतो. हे जुने कागद ज्या कारकुनांनी ओलीपासून आणि वाळवीपासून जपले, त्यांचे कौतुक त्यांच्या हयातीत कोणी केले असेल असे वाटत नाही. डेटाबेस सर्व्हर सांभाळणाऱ्या आजच्या मनुष्याची अवस्था फारशी निराळी नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला, त्यामागील यंत्रणा शासनाची आहे. परंतु तुमसरच्या धान गिरणीचा हिशेब, पवनीच्या पतसंस्थेतील ठेवी किंवा साकोलीच्या महाविद्यालयातील गुण ज्या सर्व्हरवर असतात, तो बहुधा ‘तुला कॉम्प्युटर कळतो ना’ एवढ्याच दाखल्यावर एखाद्या लेखनिकाच्या हवाली केलेला असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

त्याचे आद्य कर्तव्य बॅकअपचे. डेटाबेस चालू असताना त्याच्या फायली नुसत्या उचलून पेन ड्राइव्हवर टाकल्या, तर ती नक्कल बहुधा निरुपयोगी ठरते, कारण नक्कल होत असतानाच आतील नोंदी बदलत असतात. म्हणून एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल यांपैकी जे वापरात असेल, त्याच्या स्वतःच्या बॅकअप साधनानेच ती घ्यावी. दुसरी गोष्ट स्थानाची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस संजय सरोवर या धरणातून सोडलेले पाणी वैनगंगेत उतरले आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरले. अशा वेळी सर्व्हर टेबलाखाली आणि बॅकअपची डिस्क त्याच खोलीतील कपाटात असेल, तर दोन्ही एकाच पुरात जातात. एक प्रत नागपुरास अथवा क्लाउडवर, कूटबद्ध करून, असलीच पाहिजे. कूटाची किल्ली मात्र त्याच सर्व्हरवर ठेवू नये.

एवढे करूनही काम अर्धेच होते. गिटलॅब या नामांकित कंपनीच्या एका अभियंत्याने ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून मुख्य डेटाबेसच पुसून टाकला, तेव्हा असे उघडकीस आले की, साधनाची आवृत्ती जुळत नसल्यामुळे नित्याचा बॅकअप निष्फळ होत होता आणि त्या अपयशाची खबर देणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने काढून ठेवलेली एक जुनी प्रत हाती होती म्हणून सुमारे सहा तासांच्याच नोंदींवर निभावले. तज्ज्ञांचा ताफा बाळगणाऱ्या कंपनीची ही कथा. माझे स्पष्ट मत असे की, जो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिलेला नाही, तो दप्तरी जमा धरू नये.

याखालोखाल अनर्थ घडतो तो डिस्क भरल्याने. डेटाबेस प्रत्येक फेरफार आधी लॉगमध्ये लिहितो आणि मग मूळ कोष्टकात उतरवतो, जशी दुकानात रोजकीर्द आधी आणि खतावणी मागाहून. म्हणूनच वीज अकस्मात गेली तरी अपुरा व्यवहार सावरता येतो. परंतु एसक्यूएल सर्व्हरमध्ये संपूर्ण पुनर्प्राप्तीची (फुल रिकव्हरी) व्यवस्था निवडली असेल आणि लॉगचा स्वतंत्र बॅकअप घेतला जात नसेल, तर ही फाईल वाढत वाढत सारी डिस्क गिळते आणि ऐन धान खरेदीच्या हंगामात नोंदी घेणे थांबते. घाबरलेला लेखनिक मग मोठी फाईल दिसली म्हणून ती हाताने पुसतो. पोस्टग्रेसमध्ये असे केल्यास डेटाबेस पुन्हा सुरूच न होण्याची पाळी येते. लॉगचा बॅकअप घ्यावा, डिस्क किती रिकामी आहे ते रोज सकाळी पाहावे, आणि लॉगला हात लावू नये.

यूपीएस असावा आणि बॅटरी संपत येताच त्याने सर्व्हर रीतसर बंद करावा. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र खाते द्यावे; सर्वाधिकाराचा एकच पासवर्ड साऱ्या कचेरीला तोंडपाठ असणे ही आपल्याकडील फार जुनी खोड आहे, आणि बदली झालेल्या इसमाचे खाते वर्षानुवर्षे चालू ठेवणे ही दुसरी. डेटाबेसचे दार इंटरनेटवर थेट उघडे ठेवू नये. नोंदी पुसण्याचा हुकूम देण्यापूर्वी त्याच अटीने त्या आधी वाचून, त्यांची संख्या पाहून घ्यावी. अहवाल मंद झाला म्हणजे नवा सर्व्हर मागण्याची घाई होते. बहुतेक वेळा एक योग्य इंडेक्स पुरेसा असतो, हे संचालक मंडळाला सांगण्याचे धैर्य तेवढे हवे.

या महिन्यातच एका सुटीच्या दुपारी एखादे जुने यंत्र घ्या, कालचा बॅकअप त्यावर उतरवा, ठेवींची बेरीज कालच्या ताळेबंदाशी ताडून पाहा, त्यास लागलेला वेळ वहीत टिपा आणि त्याखाली व्यवस्थापकाची सही घ्या.